पायऱ्या नसलेले दार

१. आलेले पैसे

ज्या शुक्रवारी ही हकीकत उघडकीस आली, त्या दिवशी समुद्रावरून असा वारा सुटला होता की फेरीबोट धक्क्याला लागू शकली नाही. माझ्या दुकानात गिऱ्हाईक नव्हते. कोपऱ्यातील संगणकासमोर तेवढ्या ट्रिफी मावशी बसल्या होत्या, आणि चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पडद्याकडे पाहत होत्या.

"विल्फ, तुझं यंत्र बिघडलंय," त्या म्हणाल्या.

"यंत्र ठीक आहे, मावशी."

"मग बँक बिघडली. बुधवारी पैसे आले. मी माझ्या हातांनी घेतले. आता इथे दिसत नाहीत."

आमच्या स्कल्पिन कोव्हमध्ये बँक होती, ती केव्हाच गाशा गुंडाळून गेली. तेव्हापासून दर शुक्रवारी माझ्या संगणकावर आपले खाते पाहणे हा अर्ध्या गावाचा परिपाठ झाला आहे. मी वाकून पाहिले. खात्यात पेन्शन होती, विजेचे बिल गेलेले होते. परंतु इंजिनाचे पैसे नव्हते. ते कधी आलेच नव्हते.

इंजिन म्हणजे मावशींचे दिवंगत यजमान रुबेन काका यांच्या लहान नावेचे इंजिन. नाव काकांच्या पाठोपाठ कुजून गेली, इंजिन मात्र मावशींनी दर वसंतात तेल घालून जिवंत ठेवले होते. महिन्यापूर्वी त्यांनी त्याची जाहिरात इंटरनेटवर टाकली. कॉर्नर ब्रूक शहराचा कोणी कर्टिस व्हेल नावाचा गृहस्थ घासाघीस न करता तयार झाला. त्याने पैसे पाठविले, म्हणजे तसा निरोप आला. 'माझा माणूस बुधवारच्या फेरीने येईल, वस्तू दाराशी ठेवा,' असे त्याने लिहिले. मावशींनी वस्तू दाराशी ठेविली व त्या चर्चच्या सभागृहात गोधड्या शिवावयास गेल्या. परत आल्या तेव्हा वस्तू नव्हती.

"आपण फसलो, मावशी," मी म्हणालो. 'आपण' म्हटले, ते त्यांना एकटे वाटू नये म्हणून.

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरील रंग ओहोटीच्या पाण्यासारखा उतरत गेला.

"रविवारी गारलंडचा फोन येईल," त्या म्हणाल्या.

गारलंड हा त्यांचा एकुलता मुलगा. तो देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्बर्टात तेलखाणीवर असतो. गेल्या हिवाळ्यात मावशी विहिरीपाशी बर्फावर पडल्या व शेजारच्या हेडली काकांना सापडेपर्यंत तशाच पडून राहिल्या. तेव्हा गारलंडने त्यांना वृद्धाश्रमात जागा घेतली होती. मावशींनी भांडून, रडून एक करार केला: पुन्हा पडले किंवा कोणी मला लुबाडले, तर मी मुकाट्याने जाईन, तोवर माझ्या घरात मी राहीन. त्या दिलेल्या शब्दाला जागणाऱ्या बाई आहेत.

"त्या आश्रमाच्या खिडक्या उघडत नाहीत, विल्फ," त्या म्हणाल्या. "मी जाऊन पाहून आलेय. लिओनाला बोलाव."

२. न तुडवलेला बर्फ

लिओना स्किनर ही आमच्याच गावची मुलगी. हॅलिफॅक्सच्या पोलिसांत तिने आयुष्य घालविले, आणि आता ती येथे कोंबड्या पाळते. तिला गप्पांची आवड नाही. मागच्या पडवीतून ती मावशींच्या स्वयंपाकघरात शिरली, बुटांवरील बर्फ झाडला, आणि डब्यातल्या दुधाचा चहा समोर येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही.

"पहिल्यापासून सांग, मावशी. गाळू नकोस काही."

"गाळण्यासारखं काय आहे? माणूस सभ्य होता. मी म्हटलं, एकदा फोनवर बोलू या, आवाज ऐकला की माणूस कळतो. तो म्हणाला, घसा बसलाय."

"किती दिवस बसला होता?"

"तीन आठवडे तरी."

"बरं. मग?"

"मग पैशांचा मेल आला. त्यावर दाबलं. बँकेने नेहमीसारखं बोकडाचं नाव विचारलं, मी लिहिलं, आणि पैसे जमा झाले म्हणून हिरवं चिन्ह आलं. खात्यात दिसायला एक-दोन दिवस लागतील, असंही होतं खाली."

मला हसू आले. गारलंड लहान असताना या घरात एक दाढीवाला बोकड होता. त्याची मुद्रा इतकी गंभीर होती की रुबेन काकांनी त्याचे नाव बिशप ठेविले होते. खरा बिशप गावात आला तेव्हा बोकडाला तळघरात लपवावे लागले. मी ते आठवून बोललो, मावशीही क्षणभर हसल्या. लिओना हसली नाही. तिने मावशींच्या टॅबवर तो मेल उघडला व पाठविणाऱ्याच्या पत्त्यावर बोट ठेवले. बँकेचे नाव वर मोठ्या अक्षरांत होते. पत्ता मात्र कोणीही फुकटात घ्यावा असा होता.

"निरोप आला म्हणजे पैसे आले असं नाही, मावशी. आधी खातं उघडून पाहायचं, मग वस्तू सोडायची."

"हे मीच त्या शेवंड पकडणाऱ्या सेल्बीला शिकवलं होतं," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "त्याने जाळी विकायला काढली तेव्हा. माझ्या तोंडचे शब्द आहेत हे. तरी कशी फसले, तेच कळत नाही."

"बुधवारी परत आलीस तेव्हा पडवीत आणखी काय बदललं होतं?"

"काही नाही. इंजिन नव्हतं. हेडलीने लाकडं भरून ठेवली होती, दाराला दोरी घातली होती. वाऱ्याने दार आपटतं ना. बाकी जसंच्या तसं."

लिओनाने चहा संपविला आणि ती बाहेर पडून घराला वळसा घालून पुढच्या बाजूस गेली. मी मागोमाग गेलो.

आमच्या घरांना पुढचे दार असते, पण त्यास पायऱ्या नसतात. ते जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर, भिंतीत टांगल्यासारखे असते. जिवंत माणूस त्या दाराने जात नाही, मागच्या पडवीतून जातो. घरातून प्रेत निघावयाचे असले म्हणजे तेवढे ते उघडते, आणि त्या दिवसापुरत्या फळ्या लावल्या जातात. रुबेन काका तेथूनच गेले. फळ्या हेडली काकांनी लावल्या होत्या.

त्या दाराखाली मंगळवारच्या रात्री पडलेला बर्फ पसरला होता. नंतर हिमवर्षाव झालेला नव्हता. त्या बर्फावर कुत्र्याचेसुद्धा पाऊल नव्हते.

"मावशीने काय लिहिलं होतं? 'दाराशी ठेवते.' कुठल्या दाराशी, ते तिने सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही," लिओना म्हणाली. "परका माणूस रस्त्यावरून येतो आणि समोर दिसेल त्या दाराकडे जातो. हा इकडे फिरकलासुद्धा नाही."

"म्हणजे सुगावा लागला तर," मी म्हणालो.

"लागला," ती म्हणाली, "आणि मला तो आवडलेला नाही."

३. छत्रीवाला पाहुणा

तरीही गावात एक परका होता, आणि त्याला सोडून चालणार नव्हते. बुधवारच्या फेरीने मिस्टर ॲशबी नावाचे गृहस्थ आले होते. जुने कंदील व घड्याळे विकत घेणे हा त्यांचा व्यवसाय. फेरी बंद पडल्यामुळे ते माझ्याच दुकानाच्या माडीवर अडकून पडले होते, आणि वाटाण्याचे सूप खाऊन कंटाळले होते.

"बुधवारी दुपारी कुठे होतात?" लिओनाने विचारले.

"दारांखाली उभा होतो, बाई. दुसरं काय करणार?" ते वैतागून म्हणाले. "तुमच्या गावात लोक उडत घरात शिरतात का? तीन घरी गेलो. हात पोचेना म्हणून छत्रीने दार ठोठावलं. आतून कुणीतरी म्हणालं, कोण मेलं? मी सांगितलं, मी कंदील घेतो. खिडकीचा पडदा ओढून घेतला त्यांनी."

ते घर माझ्या मेहुणीचे होते. तिने मला ही गोष्ट आधीच सांगितली होती. यमदूत छत्री घेऊन आला असे तिला वाटले होते.

"मग?"

"मग धक्क्यावर जाऊन बसलो. म्हटलं, आल्या फेरीने परत जावं. पण तिकीट देणारा म्हणाला, परतीचं तिकीट सोमवारचं आहे. बोट सुटेपर्यंत त्याच्याशी हुज्जत घालत होतो."

"बोटीत काय काय चढलं?"

"दोन बायका, एक आजारी कुत्रा आणि टपालाची पिशवी. हुज्जत घालताना माणूस दुसरीकडे बघत असतो, म्हणून नीट आठवतंय."

"नावेचं इंजिन?"

"बाई, इंजिन मी पाहिलं असतं तर त्याची किंमत विचारली असती."

जिना उतरताना लिओना मध्येच थांबली व कठड्याला टेकली.

"बुधवारनंतर फेरी सुटलेली नाही," ती म्हणाली. "विल्फ, इंजिन गावातच आहे."

४. अर्धी किंमत

गावात त्या इंजिनावर डोळा असलेला एकच मनुष्य होता, आणि तो डोळा त्याने लपविला नव्हता. सेल्बी डर्नफर्ड आपल्या शेडमध्ये शेवंड पकडण्याचे सापळे दुरुस्त करीत होता. आम्हांला पाहून त्याने हातोडी खाली ठेविली.

"या. चोर बघायला आलात ना? बसा, चोर चहा ठेवतो."

"तू इंजिन मागितलं होतंस," लिओना म्हणाली.

"अर्ध्या किमतीत मागितलं. दिवसाढवळ्या, तिच्या तोंडावर. तिने मला केटली फेकून मारायची बाकी ठेवली. मला चोरायचंच असतं लिओना, तर मी खोटा माणूस, खोटी बँक एवढं कुठे रचत बसलो असतो? मला बायकोच्या वाढदिवसाचा निरोप पाठवता येत नाही. विल्फ लिहून देतो."

हे खरे होते. मी मान डोलाविली.

"बुधवारी दुपारी?"

"सभागृहात. तिथली चूल धुरायला लागली, तर बायकांनी मला धरून नेलं. सारी दुपार धुराड्यात डोकं, आणि खाली वीस बायका सांगतायत कसं करायचं ते. साक्षीदार हवेत तर भरपूर आहेत. एकीचं तोंड थांबवून दाखव."

लिओनाच्या ओठांवर प्रथमच हसू आले. पण सेल्बीचे पुढचे वाक्य ऐकून ते तेथेच विझले.

"शिडी धरायला कुणीतरी हवं होतं, म्हणून हेडली काकांकडे आधी गेलो. हाका मारल्या. घरात नव्हते."

"काका तर सांगतात, बुधवारी पाठ धरली होती, दिवसभर अंथरुणात होते," मी म्हणालो. "कालच दुकानात म्हणाले."

सेल्बीने हातोडी पुन्हा उचलली, पण खिळा ठोकला नाही. आम्ही तिघेही त्या खिळ्याकडे पाहत राहिलो.

५. सवय

हेडली रोझ हे ट्रिफी मावशींचे शेजारी. रुबेन काका गेल्यापासून एकही दिवस असा गेला नव्हता की त्यांनी बर्फावरच्या घसरगाडीवर लाकडे आणून मावशींच्या पडवीतील पेटी भरली नाही. शनिवारी सकाळी आम्ही गेलो तेव्हा ते खिडकीशी बसले होते. तेथून मावशींचे धुराडे दिसते.

"पाठ कशी आहे, काका?" लिओनाने विचारले.

"बरी आहे आता."

"बुधवारी फार दुखत होती?"

"उठवत नव्हतं."

"मग ट्रिफी मावशीची लाकडं कुणी भरली?"

काकांचे हात मांडीवर होते. ते मोठे, चिरलेले हात एकमेकांना धरू लागले.

"सकाळी पेटी रिकामी होती आणि संध्याकाळी भरलेली होती. दाराला दोरीही घातलेली होती, वाऱ्याने आपटू नये म्हणून," लिओना म्हणाली. तिचा आवाज इतका मृदू मी पूर्वी ऐकला नव्हता. "चोर लाकडं भरत नाही, काका. घसरगाडी लाकडं घेऊन गेली आणि इंजिन घेऊन आली. तिच्या खुणांकडे कोण बघणार? त्या तर तिथे रोजच असतात."

"गाडी रिकामी करायलाच हवी होती," काका म्हणाले. "लाकडं बाहेर टाकून कशी देणार? ओली झाली असती."

इंजिन त्यांच्या शेडमध्ये जुन्या शिडाखाली होते. त्याखाली घोंगडी अंथरली होती, जणू तान्हे मूल निजविले आहे. माझ्या मनात संताप उसळला.

"काका, अहो ती तुम्हांला भाऊ मानते," मी म्हणालो. "पैशांसाठी केलंत?"

"मला एक पैसा नको. ती बर्फात निळी पडलेली मी पाहिली आहे, विल्फ. तू नाही पाहिलीस. हाक मारली तर ओळखत नव्हती. तेव्हापासून रोज सकाळी मी इथे बसतो. धूर दिसेपर्यंत माझ्या घशाखाली चहा उतरत नाही. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालो. एखाद्या सकाळी धूर दिसणार नाही आणि मला तिथे चालत जावं लागेल. ते माझ्याने होणार नाही."

लिओनाने शीड पुन्हा इंजिनावर ओढले. मला वाटले, प्रकरण संपले. काकांकडे संगणक नाही, वर्तमानपत्रसुद्धा ते माझ्याकडून वाचून घेतात, हे माझ्या ध्यानात आले नाही. तिच्या आले होते.

"काका," तिने विचारले, "बोकडाचं नाव काय होतं?"

हेडली काकांनी गोंधळून वर पाहिले. ते या गावचे जावई. ते येथे राहावयास आले तेव्हा बिशप मरून कित्येक वर्षे लोटली होती.

"कुठला बोकड?" ते म्हणाले.

६. बँकेचा प्रश्न

रविवारी प्रार्थनेनंतर आम्ही मावशींच्या स्वयंपाकघरात जमलो. टेबलावर काकवीचे बन होते. हेडली काका दाराजवळ टोपी हातात घेऊन उभे राहिले. बसा म्हटले तरी बसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या तोंडाने मावशींना सारे सांगितले होते, पण एक नाव गाळले होते. त्यांना शपथ घातलेली होती.

मावशी त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. "तुला वाचता येत नाही," त्या भिंतीला म्हणाल्या. "तो कर्टिस कोण?"

"मावशी," लिओना म्हणाली, "तुला आजवर इंटरनेटवरून पैसे कुणी पाठवले?"

"गारलंडने. नाताळला आणि वाढदिवसाला."

"आणखी कुणी?"

"आणखी कोण पाठवणार मला?"

"त्या प्रत्येक वेळी काय विचारलं गेलं?"

"सांगितलं ना. बोकडाचं नाव. बँक मला नेहमी बोकडाचंच विचारते."

"बँक काही विचारत नाही, मावशी. तिला बोकड ठाऊकच नाही. पैसे योग्य माणसालाच मिळावेत म्हणून तो प्रश्न पैसे पाठवणारा लिहितो."

चुलीत एक लाकूड खचले. मी मावशींकडे पाहू शकलो नाही. मी बनांकडे पाहत राहिलो. सारे धागे माझ्याही मनात आता एकामागून एक जुळत होते: फोनवर न बोलणारा कर्टिस, कारण त्याचा आवाज या घराने ओळखला असता, कोणते दार हे न विचारणारा कर्टिस, कारण तो लहानपणी मागच्याच दाराने धावत शाळेत गेला होता. दुसरा कोणताही प्रश्न पडद्यावर दिसता तर मावशी थबकल्या असत्या व माझ्या दुकानात आल्या असत्या. बोकड दिसला, आणि त्यांनी विश्वासाने दार उघडले.

"त्याचा हेतू वाईट नव्हता, ट्रिफी," हेडली काका म्हणाले. "म्हणाला, आई आश्रमात गेली की सगळे पैसे देऊन टाकीन."

तेवढ्यात फोन वाजला. रविवारचा फोन. तो वाजत राहिला, आणि आम्ही सारे त्याकडे असे पाहत राहिलो की जणू ते जनावर आहे व आम्ही हललो तर चावेल. अखेर मावशी उठल्या.

"गारलंड," त्या म्हणाल्या, "बोकडाचं नाव काय होतं रे?"

स्वयंपाकघर लहान आहे. पलीकडचे सर्व ऐकू येते. एका मोठ्या पुरुषाचा श्वास अडखळल्याचा आवाज आला.

"आई, तू तिथे मरशील गं. एकटी. बर्फात."

"मी नाव विचारलं."

"बिशप."

"उत्तर बरोबर आहे," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.

लिओना घाईने बोलू लागली. तिला तसे बोलताना मी कधी पाहिले नव्हते. ती म्हणाली, हे लुबाडणे करारात बसत नाही, शब्द गारलंडनेच मोडला आहे, या घरातून मावशींना कोणी हलवू शकत नाही, हवे तर ती स्वतः रोज येऊन जाईल. मावशींनी ते सर्व ऐकून घेतले व तिच्या बशीत एक बन ठेविला.

"परक्याने फसवलं असतं ना राणी, तर मी दाराला कडी लावली असती आणि राहिले असते," त्या म्हणाल्या. "आता कडी कुणाला लावू? त्या मागच्या दाराने घरचे म्हणून येणारे दोघंच होते."

नंतर त्या प्रथमच हेडली काकांकडे वळल्या.

"रुबेनच्या वेळच्या फळ्या आहेत का रे अजून?"

"आहेत."

"उद्या घेऊन ये. फेरी सुटायच्या आधी."

सोमवारी वारा पडला होता. काकांनी फळ्या लावल्या, त्यांवर पाय घसरू नये म्हणून राख पसरली, आणि ते बाजूस उभे राहिले. आतून गंजलेली कडी निघावयास वेळ लागला. मग पुढचे दार उघडले आणि ट्रिफी मावशी चर्चचा कोट घालून, लहानशी पेटी घेऊन, कोणाचाही हात न धरता उतरल्या. गावातील पुरुष रस्त्याच्या कडेने उभे होते. कोणी सांगितले नव्हते, तरी साऱ्यांनी टोप्या काढल्या. मिस्टर ॲशबींनी आमच्याकडे पाहून आपलीही काढली.

लिओना फेरीपर्यंत गेली नाही. ती आपल्या कोंबड्यांच्या खुराड्याशी उभी होती, आणि मी हाक मारली तेव्हा तिने वळून पाहिले नाही. इंजिन अजून शेडमध्ये आहे. सेल्बी ते आता फुकटसुद्धा घेत नाही.

मंगळवारी नळ गोठून फुटू नयेत म्हणून मावशींच्या घराचे पाणी बंद करावयास मी मागच्या पडवीने आत गेलो. चूल थंड होती. दाराला दोरी घातलेली होती, आणि लाकडांची पेटी काठोकाठ भरलेली होती.